बाराखांबी तालमीची आतली बाजू

संयोगिताच्या कॉम्प्युटरात जिल्ह्यातली निम्मी घरं उभी होती आणि त्यातल्या एकाही घराला ऊन कमी पडत नव्हतं. बंगल्याचा पाया खणायच्या आधी तो पुरा झाल्यावर कसा दिसेल याचं थ्रीडी चित्र करून देणं हा तिचा धंदा. कबनूरचा यंत्रमागवाला यायचा आणि म्हणायचा, पुढनं राजवाडा पायजे, मागं मागांची शेड हाय ती दावू नका. शाहूवाडीचे निवृत्त गुरुजी यायचे आणि ज्या गल्लीत बैलगाडी वळत नाही त्या गल्लीत दारापुढं चारचाकी उभी करून मागायचे. संयोगिता राजवाडा द्यायची, चारचाकी द्यायची, वर दोन नारळाची झाडं आणि कुत्रं फिरवणारी एक गोरी बाई फुकट द्यायची. ती बाई सॉफ्टवेअरबरोबरच आली होती. तिनं आजवर बाराही तालुक्यांत कुत्रं फिरवलं, पण 'पावणं, कुठलं म्हणायचं?' असं तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

संयोगिताचं वय अडतीस. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, एका आर्किटेक्टकडं काही वर्षं रेघा ओढल्या. मुरगूडला दिली होती. ते लग्न दोन पावसाळे टिकलं. कारणं नेहमीचीच होती म्हणून तिनं कुणाला सांगितली नाहीत, आणि नेहमीचीच होती म्हणून कुणी विचारलीही नाहीत. परत आली ती पेठेतल्या दोन खोल्यांत, आईपाशी. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, मागच्या खोलीत आई, आणि खिडकीसमोर रस्त्यापलीकडं बाराखांबी तालीम.

म्हणजे होती. आता तिथं हिरवे पत्रे आहेत. तीन वर्षांमागं तालीम मंडळानं ठरवलं की जुनी पाडायची आणि नवी बांधायची: खाली गाळे, वर कुस्तीची मॅट, मधे लिफ्ट. पैलवानाला लिफ्ट कशाला, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा सगळे पोटभर हसले आणि ठराव पास झाला. जुनी इमारत दोन दिवसांत सपाट झाली. नवी कोर्टात आहे. जेसीबीवाला परमुलखातला होता. कुस्तीच्या ज्या हौद्यात, मातीच्या आखाड्यात, उतरताना पेठेतले लोक तीन पिढ्या वाकून मातीला हात लावत आले, तिथं तो पायताणासकट उतरला आणि दुपारी त्याच लाल मातीवर मांडी घालून डबा खाल्ला. कुणी काही बोललं नाही. तासावर लावलेलं मशीन होतं. बोलण्यात वेळ कोण घालवणार?

पुढची भिंत पडली तेव्हा आतलं सगळं रस्त्यावरनं उघडं दिसत होतं. संयोगिता आईला म्हणाली, "ये की, बघ एकदा."

धोंडुबाई खिडकीकडं पाठ करून शेंगा सोलत बसली होती. "भित्ताड पडलं म्हणून काय कुनाच्याबी आत डोकवायचं व्हय? चोरागत?"

आणि बघायचं तर होतं तिला. वीस-बावीस वर्षं तिला या जगात एवढी एकच गोष्ट बघायची होती.

संयोगिताचा बाप हंबीरराव. उमेदीत त्यानं कुस्त्या केल्या, गुडघा गेल्यावर पोरं तयार केली. पहाटे तालमीत जायचा, दुपारी जेवायला घरी यायचा, चारला परत. घरात पाहुण्यासारखा बसायचा, तालमीत घरच्यासारखा. बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही असा रिवाज होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळं त्यात दुरुस्ती करायचीही सोय नव्हती. धोंडुबाई न्याहारीचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवायची, दाराची कडी वाजवायची आणि मागं सरायची. तिचा संसार उंबऱ्याच्या अलीकडं होता आणि नवरा पलीकडं.

संयोगिता नववीत असताना एका सकाळी तो आत कोसळला. ओरडा ऐकून धोंडुबाई हातातलं टाकून धावली. ती पायरीवर पोचली आणि आतनं कुणीतरी दार लोटून घेतलं. बाई आली म्हणून लोटलं, रिवाजाप्रमाणं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ती पायरीवर उभी राहिली. डॉक्टर स्कूटरवरून आला, आत गेला, मान हलवत बाहेर आला. मग घोंगड्यावर घालून त्याला बाहेर कट्ट्यावर आणलं.

"वहिनी, जागीच गेला," लोकांनी सांगितलं. "पार आत, मारुतीच्या पायाशी. त्येला कळलंसुदिक न्हाय."

पेठेत हे मरण पुण्याचं ठरलं. दरसाल पुण्यतिथीला मंडळाचा फलक लागत राहिला. धोंडुबाईनं कधी तक्रार केली नाही, छाती बडवली नाही. फक्त भाकरी थापता थापता मधेच थांबायची आणि म्हणायची, "आत कुठं पडलंवतं कुणास ठावं." मग पुन्हा थापायला लागायची.

अशात मंडळाच्या तरुण अध्यक्षानं, धैर्यशीलनं, संयोगिताला बोलावणं पाठवलं.

"ताई, तालीम परत हुबी कराची."

"लागला निकाल?"

"कोर्टात न्हवं वो, कॉम्प्युटरात! ते डोळ्यावर बांधायचं गॉगल असतंय बघा, ते बांधलं की मानूस डायरेक्ट तालमीत. हनुमान जयंतीला शंभर वर्षं व्हत्यात. पलीकडच्या मंडळानं गणपतीत लेझरचा वाघ आणलता. आपुन आक्की तालीम आणू."

तो आणखी बरंच बोलणार होता, पण संयोगितानं आधीच मान हलवली होती. घरी येऊन तिनं आईला सांगितलं. आतनंसुद्धा करणार आहे, म्हणाली. हौदा, खांब, मारुती, सगळं. तिथं उभं राहून बघता येईल.

"तू बांधलेलं बघाय काय," म्हातारी म्हणाली. "तुझंच घर की ते. तू बोलवलंस तर येईन." आणि थोड्या वेळानं, "तेवढी ती जागा इचारून घे."

मंडळानं फोटोंसाठी आवाहन केलं आणि पोतंभर फोटो जमले. शंभर वर्षांचे फोटो, आणि इमारत एकाही फोटोत नाही. सगळ्यांत पैलवान. छाती काढलेले, गदा खांद्यावर घेतलेले, कुणा मंत्र्याकडनं फेटा बांधून घेणारे. कॅमेरा आला की पुढं सरायचं आणि भिंत झाकायची, हे काम पेठेनं शतकभर न चुकता केलं होतं. संयोगितानं तालीम काखांतनं आणि मांड्यांमधनं गोळा केली. एका काखेत खांबाची बैठक सापडली, एका मानेमागं कोनाड्याची कमान, एका पसरलेल्या पंजाच्या वर तुळईची नक्षी. बापाचाही एक फोटो निघाला. त्याच्या डाव्या कानामागं खिडकीचा गज दिसत होता. तिनं गज उचलला, बाप तसाच ठेवला.

फोटोत नव्हतं ते म्हाताऱ्यांना विचारायचं. ती लॅपटॉप घेऊन कट्ट्याकट्ट्यावर फिरली. पिराजीआबा सगळ्यांत जुने. ऐंशीच्या पुढचे, पण आवाज अजून मैदानातला.

"आबा, आत उंची किती होती?"

"लई!"

"लई म्हंजे किती?"

"आगं, वर बघितलं की डोस्क्याची टोपी पडायची."

"तालमीत टोपी घालून जायचासा?"

"न्हाय. पर घातली आस्ती तर पडली आस्ती की!"

हौद्यात एका टायमाला वीस जोड्या लढायच्या, असं एकानं सांगितलं. मारुतीपाशी लावलेला दिवा दारातनं काजव्याएवढा दिसायचा, असं दुसऱ्यानं. तिनं सांगतील तसं बांधलं आणि जागेच्या नकाशावर ठेवून बघितलं. मागची भिंत शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात निघाली आणि एक बाजू पिठाच्या गिरणीतनं आरपार गेली.

मग ती टेप घेऊन पत्र्याच्या आत शिरली. जोतं अजून शाबूत होतं. उंबऱ्याचा दगड कुणीतरी उचलून नेला होता, त्यामुळं तो ओलांडायचा प्रश्न आला नाही. तिनं लांबी घेतली, रुंदी घेतली, खांबांच्या बैठका मोजल्या. बारा खांबांच्या तालमीला दहाच खांब होते. उरलेले दोन पेठेच्या अभिमानाचे असावेत. लोक खोटं बोलत होते असंही नाही. कुणी आठ वर्षांचा असताना पहिल्यांदा आत गेला होता, त्याची तालीम आठ वर्षांच्या उंचीवरनं बघितलेली. कुणी जिंकून आला होता, त्याची त्या दिवशीची. घरातली खोली माणूस रोज बघतो आणि तिचं माप विसरत नाही. अभिमानाच्या जागेचं माप कोण ठेवतो?

तिनं खऱ्या मापाची तालीम बांधली आणि मंडळाच्या बैठकीत टीव्हीवर दाखवली. दार, हौदा, खांब, समोर मारुती. संपली.

"ही कुनाची?" पिराजीआबांनी विचारलं.

"आपलीच की आबा."

"ह्यात तर आमची म्हस बसायची न्हाय."

"ताई," धैर्यशील समजुतीनं म्हणाला, "वाईच वाढवा की. बंगल्यास्नी वाढवतासा न्हवं?"

"जोत्यावर जाऊन मापं घेतल्यात. मापं खरी हाईत."

"मापं खरी आस्तील वो. पर तालीम खोटी वाटालीया."

पुढच्या बैठकीत तिनं आधीची, गिरणीतनं आरपार जाणारी तालीम दाखवली. बारा खांब, लांबलचक हौदा, पार टोकाला काजव्याएवढा दिवा. टाळ्या पडल्या. दोन म्हातारे रडले. रडणं अगदी खरं होतं, हे तिला मान्य करावं लागलं. मोठी तालीम मंजूर झाली.

जोतीरामकाका तेवढे दोन्ही बैठकांत काही बोलले नाहीत. बापाच्या जोडीचा माणूस, एकाच हौद्यात वाढलेला. मोठी मंजूर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी आले. धोंडुबाई बाजारात गेलेली बघूनच आले असावेत. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "ती बारकी दाव."

तिनं दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

"हीच. बारकीच हुती. दारातनं शिरलं की सपली."

"मग बैठकीत का बोलला न्हाईसा?"

"बोलून? ज्येची त्येची मोठी हाय, ऱ्हाऊ दे की."

आत्ताच विचारावं, असं तिला वाटलं. "काका, बाबा कुठं पडलेवते?"

"मारुतीपाशी," काका लगेच म्हणाले. इतकी वर्षं सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं, आपोआप घरंगळत बाहेर आलं. मग ते गुडघा चोळत बसले. आई बाजारातनं यायची वेळ होत आली होती, दोघांनाही ते कळत होतं.

"ह्यात दावू?" ते अचानक म्हणाले. त्यांनी बोट पुढं केलं. बोट मारुतीकडं गेलं नाही. दारातनं आत आल्या आल्या उजव्या हाताचा पहिला खांब होता, त्याच्या पायथ्याशी टेकलं. दार आणि खांब यांच्या मधे माणूस आडवा होईल एवढीच जागा होती.

"हितं?"

"हितं. भाईर निघालता. छातीत कळ आली म्हनला आन् भाईर निघाला, ते हितं बसला, बसल्याला आडवा झाला."

"जागीच?"

काकांनी मान हलवली. "न्हाय पोरी. बोलत हुता की. डाक्टर येस्तवर बोलत हुता. पानी मागितलं. मग म्हनला, तिला बोलवा."

संयोगितानं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"ती भाईरच हुती, ठावं हुतं आमास्नी. कडी वाजीवत हुती. आमचं थोरलं वस्ताद म्हनालं, हालवू नका त्येला. भाईर न्यावं तर हालवू नका. तिला आत घ्यावं तर..." ते थांबले. "कुनाच्या मनात आलं न्हाय असं न्हवं. समद्यांच्याच आलं. येकामेकाच्या तोंडाकडं बघत हुतो आमी. पर पयलं कोन बोलनार?"

"आणि मारुतीचं?"

"ते मागनं ठरीवलं. तिला बरं वाटंल म्हनून." काका उठले. दारात जाऊन वळले. "सांगनार व्हय आईला?"

उत्तराची वाट न बघता ते पायताण घालून निघाले.

तिनं बराच विचार केला, आणि तो तिच्या धंद्याच्या वळणावर जाऊन थांबला. गिऱ्हाइकाला बरं वाटेल असं घर दाखवायचं, हेच तर तिनं आजवर केलं होतं. यंत्रमागवाल्याची शेड झाकली, गुरुजींची गल्ली रुंद केली. मंडळानं मंजूर केलेली मोठी तालीम तयारच आहे. त्यात मारुती पार टोकाला आहे. आईला तीच दाखवायची, टोकाकडं बोट करायचं, तिथं म्हणायचं. एवढ्या लांब पडलेल्या माणसाचं दारातल्या बाईला काय कळणार? आईच्या मनावरचा उंबरा थोडा हलका होईल.

त्यातच पिराजीआबांना एक शंका आली आणि त्यांनी ती बैठकीत बोलून दाखवली. आत मारुती आहे. मारुती आहे म्हणजे पूजा पाहिजे. बरोबर होतं. गुरवाला विचारलं, तो म्हणाला, गॉगलच्या खोक्याला शेंदूर लावू, नारळ फोडू. तेही बरोबर होतं. मग आबा म्हणाले, पूजा झाली म्हणजे ती तालीम झाली, आणि तालीम झाली म्हणजे बायका न्हाईत.

"आबा, ती मी बांधलीया," संयोगिता म्हणाली.

"बांधताना चालतंय की. गवंडीकामाला बायका असत्यातच."

"आणि मी रोज आत असते. खांब सरळ करते, दिवा लावते."

"आजून पूजा झाल्याली न्हाय," आबा शांतपणे म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुठंच फट नव्हती; मधे एक यंत्र आलं होतं, एवढंच.

"आन् ह्येच्यात माती तरी कुठाय खरी? नुसता उजेड हाय तो!" संयोगिता म्हणाली.

"मारुती लहान-मोठा नसतोय बाय, आन् खरा-खोटाबी नसतोय."

शेवटी धैर्यशीलनं अध्यक्षाला शोभेल असा मार्ग काढला. बायकांसाठी बाहेर मोठा स्क्रीन. आणि संयोगिताताईंच्या आईंना पूजेच्या आदल्या दिवशी घरीच दाखवायचं, कारण तोवर ते नुसतं मशीन. सगळ्यांना हे पटलं. संयोगिताला चीड आली, आणि आपलंही काम त्यात बसतंय हे बघून त्या चिडीची थोडी लाज वाटली.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी धोंडुबाईनं न्हाऊन इस्त्रीचं लुगडं नेसलं. "पदर घिऊ न्हवं डोस्क्यावर?"

"घे की."

पदरावरनं गॉगल बसला. मागच्या खोलीत जागा कमी होती. गॅसची टाकी एका बाजूला सारली, खाट भिंतीला लावली. संयोगितानं आईला खोलीच्या मधे उभं केलं आणि पुढच्या खोलीतला स्क्रीन वळवून घेतला. आई बघेल तेच तिथं दिसत होतं.

"काय दिसतंय?"

"कट्टा," म्हातारी म्हणाली. मान हळूहळू फिरली. "पायरी. ह्यो दगड असाच उडालावता, बरोबर हाय." तिनं हात वर केला आणि हवेत कडीच्या जागी नेला. अगदी बरोबर जागी. संयोगितानं बटण दाबलं, दोन्ही फळ्या आत उघडल्या.

"समोर बघ. पार टोकाला दिवा दिसतोय? तो मारुती."

"आन् हे कुठं?"

"तिथंच. पायाशी."

गॉगलखाली आईचं फक्त तोंड दिसत होतं.

"लई लांब हाय की गं."

"व्हय."

"एवढ्या लांबनं आवाज आला नसता."

"कसला आवाज?"

"ह्येंचा. तिला बोलवा म्हनत हुते."

खालच्या गल्लीत उद्याच्या मांडवाचे बांबू टाकल्याचा खडखडाट झाला.

"तुला ऐकू आलतं?" संयोगितानं विचारलं.

"दाराच्या आतल्या अंगालाच हुते. फळीवर हात हुता माझा."

"मग इतकी वर्षं काय विचारत होतीस? कुठं पडलेवते म्हणून?"

"उजवीकडं का डावीकडं, ते ठावं न्हवतं," धोंडुबाई म्हणाली. साधंच होतं ते, दुकानात पत्ता विचारावा तसं. "ह्यी लोकांची तालीम ऱ्हाऊ दे. तुझी दाव."

संयोगितानं मोठी बंद केली, लहान उघडली. तोच कट्टा, तीच पायरी. दार उघडलं. हौदा एकदम जवळ आला, मारुती तर हाताच्या अंतरावर.

"उजवीकडं, आई. पयला खांब. त्येच्या पायथ्याला."

मान उजवीकडं वळली आणि खाली झुकली. स्क्रीनवर खांबाची बैठक आली, तिच्या कडेला संयोगितानं टवके उडवलेले दगड आले, आणि रिकामी लाल माती.

"हितं."

"व्हय."

"एवढंच."

"चल आत. दोनतीन पावलं हाईत. मी हात धरते." तिनं मागच्या खोलीत येऊन आईचा हात धरला. आईनं पाऊल उचललं. पायाचा अंगठा फरशीवर एकदा पुढं सरकला आणि परत मागं आला.

"न्हाय."

"आजून पूजा झाली न्हाय आई. नुसतं मशीन हाय. कुणी काय म्हणत न्हाय आता."

"त्येला कोन भीतंय?" म्हातारीनं हात सोडवून घेतला. "आज गेले, तर मग तवा का न्हाय गेले? तवाबी एवढंच हुतं की."

आईला आत न्यायला संयोगितानं काय काय केलं होतं: फोटोंच्या काखा धुंडाळल्या, पत्र्याच्या आत शिरली, ऐंशी वर्षांच्या माणसाशी भांडली. आणि आता आईला आत घ्यायला आतलं कुणीच नको म्हणत नव्हतं.

"तोंड कुनीकडं हुतं गं?" आईनं विचारलं.

हे तिनं काकांना विचारलंच नव्हतं. इमारतीच्या कामात त्याची गरज पडत नाही. चित्रात माणसं शेवटी टाकतात, आणि कशीही टाकली तरी चालतात.

"ठावं न्हाय."

"इचार."

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. जोतीरामकाका मांडवात असावेत. मागं कुणीतरी माईकवर फुंकर मारत होतं, हॅलो, हॅलो, माईक चेक.

"काका, बाबांचं तोंड कुनीकडं होतं? पडलेवते तवा?"

माईकवाल्यानं तीनदा हॅलो म्हणून घेतलं.

"कोन इचारतंय?"

"आई. हितं हाय."

काका मांडवातनं बाजूला गेले असावेत, कारण मागचा आवाज बारीक झाला. "वहिनी," ते म्हणाले. "दाराकडं. दाराकडंच बघत हुता."

धोंडुबाईनं मान हलवली. डोक्यावरचं जड यंत्र तिच्या मानेबरोबर पुढं-मागं झालं. तिनं एक हात जमिनीला टेकला, गुडघे मोडले आणि मागच्या खोलीच्या फरशीवर, जिथं तिच्या डोळ्यांपुढं उंबरा होता त्याच्या अलीकडं, खाली बसली. स्क्रीनवर नजर खाली आली. उंबऱ्याची कड, तिच्यापलीकडं माती, मातीच्या पातळीवर खांबाचा पाया. तिथं आडव्या झालेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल, अशी ती बसली होती.

"वहिनी?" फोनमधनं काका म्हणाले. संयोगितानं फोन बंद केला.

ती आईशेजारी बसली. बांबू टाकायचं काम संपलं, उन्हं खिडकीतनं सरकून भिंतीवर गेली. म्हातारी हलली नाही.

"काढू का आता? मान दुखंल."

"ऱ्हाऊ दे."

"बॅटरी संपंल आई."

"संपंल तवा संपंल."